मॅडमचं ताजं रक्त

आमच्या मॅडम जेवायच्या दुपारी दोनला, कारण एक ते दीड त्यांना मोजायचं असायचं. चिखलीतल्या आमच्या लॅबच्या बरोबर खाली एक प्रेसशॉप होता. दिवसभर त्याचे प्रेस पत्र्यावर असे आदळायचे की वर मायक्रोस्कोपखालच्या पेशी लेझीम खेळायच्या. एकला खालची माणसं डबे उघडायची, प्रेस थांबायचे, आणि मॅडम जवळजवळ धावत जाऊन स्टुलावर बसायच्या. त्या अर्ध्या तासात कुणी बोलायचं नाही, कपाट उघडायचं नाही. एकदा मला शिंक आली तर मी बाहेर जिन्यात जाऊन शिंकून आले. दीडला पहिला दणका बसला की मॅडम मान वर करून म्हणायच्या, "लागली दुनिया कामाला."

अशा जागी विषाणूंची लॅब काढायची अक्कल आमच्या शेठची. शेठ मूळचे प्लास्टिकवाले. चाकणला त्यांची गाड्यांचे प्लास्टिकचे भाग बनवणारी मोठी कंपनी. कोरोनात अख्खी दुनिया टेस्टिंग किट शोधत हिंडताना त्यांनी पाहिली आणि पुढे स्वतःच किट बनवायला घेतले. चिखलीतला हा गाळा त्यांच्याकडे रिकामा पडला होता. वरचा मजला धुऊन, फरशा बसवून, हवा गाळणारी यंत्रं लावून त्यांनी लॅब उभी केली आणि संशोधनाच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या मॅडमना तिथे आणून बसवलं. मॅडमची एकच अट होती. किट बनवीन, पण एक प्रकल्प माझा. शेठ लगेच हो म्हणाले. त्यांना वाटलं, बाई हौसेनं एखादं टेबल मागतेय.

मी तिथे लागले तेव्हा सव्वीसची होते. आम्ही पिंपरीचे. वडील फाउंड्रीत भट्टीवर होते, आणि घरात एम.एस्सी. झालेली मी पहिली. मायक्रोबायॉलॉजी म्हणजे डॉक्टरकीच, अशी आईची समजूत होती आणि ती मोडायचं पाप मी कधी केलं नाही.

मॅडम साठीच्या. पांढरे, आखूड कापलेले केस, मनगटावर पुरुषी घड्याळ, कुर्त्याच्या डाव्या खिशात शेंगदाणे आणि उजव्यात गुळाचे खडे. लॅबमध्ये खायचं नाही हा नियम त्यांनीच केलेला, म्हणून दर अर्ध्या तासानं त्या हात धुऊन, एप्रन काढून जिन्यात जायच्या आणि दोन दाणे खाऊन परत यायच्या. एरवी मला "अगं" करायच्या. रागावल्या की "अहो" सुरू. "अहो" ऐकलं की समजायचं, आज आपली धडगत नाही.

पहिल्याच आठवड्यात मी वहीत लिहिलं, 'नेहमीप्रमाणे पेशी धुतल्या.' मॅडमनी लाल पेनानं पहिला शब्द असा खोडला की कागद फाटला.

"नेहमीप्रमाणे म्हणजे? तुमच्या नेहमीप्रमाणे की माझ्या? अहो, किती वेळा धुतल्या? कशानं? पाणी गार होतं की कोमट?"

"मॅडम, ते सगळ्यांना माहीतच असतं."

"जे सगळ्यांना माहीत असतं ना, ते आधी लिहायचं. भाजी केली असं सांगताना भाजी धुतली हे कुणी सांगत नाही. मग एक दिवस दाताखाली खडा येतो."

मी मनात म्हटलं, कुठल्या खाष्ट सासूच्या तावडीत सापडले मी! पण त्यांचं हे बोलणं मी नीट ऐकायला हवं होतं.

आता त्यांचा प्रकल्प सांगते, कारण त्याच्याशिवाय मॅडम कळणार नाहीत. आपल्या रक्तात काही प्रथिनं असतात, त्यांना कॉम्प्लिमेंट म्हणतात, मराठी पुस्तकात 'पूरक'. परका जंतू दिसला की ही एकामागून एक त्याला चिकटत जातात आणि शेवटी त्याच्या अंगाला भोक पाडतात. 'पूरक' या नावाचा मॅडमना भयंकर राग. "पूरक कसलं? अँटिबॉडी जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून हे राखण करतंय. घरचं मूळ माणूस, आणि नाव काय ठेवलं, तर पूरक!"

आणि दुसरा तो हर्पिस. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला जे फोड येतात ते याचेच. कांजिण्या आणि नागीण करणारा विषाणू याच्याच भावकीतला. एकदा अंगात शिरला की नसांत दडून बसतो आणि जन्मभर मुक्काम करतो. मग प्रश्न असा, की राखणदार इतका जागा असताना हा आत येतोच कसा? या एका प्रश्नात मॅडमचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

त्याचं उत्तर त्यांनी मला चाकणच्या गेटवर शिकवलं. महिन्यातून एकदा आम्हाला शेठच्या कंपनीत मीटिंगला जावं लागायचं. कंपनीच्या माणसांच्या गळ्यात निळी दोरी, पाहुण्यांच्या गळ्यात पिवळी. एकदा गाडीतून उतरताना मॅडम म्हणाल्या, "तुझं ओळखपत्र दे." मी दिलं. त्यांनी ते गळ्यात घातलं आणि सरळ गेटातून आत चालू लागल्या. कार्डावर माझा फोटो, लांब वेणी, ठसठशीत टिकली, सावळा रंग. आणि कार्डामागे साठीच्या गोऱ्यापान, पांढऱ्या केसांच्या मॅडम. गार्डनं निळी दोरी पाहिली आणि खाडकन सलाम ठोकला!

मी मागोमाग गेले तर त्याच गार्डनं मला अडवलं.

"मॅडम, कार्ड?"

"कार्ड आत गेलं."

"कार्ड आत गेलं आणि तुम्ही बाहेर? असं कसं?"

आता याला काय सांगू कपाळ! दोन तास मी गेटवरच्या बाकावर बसले. तिघांनी येऊन माझं नाव, गाव, खातं विचारलं, एकानं पिशवी उघडून डबासुद्धा हुंगला. मीटिंग संपवून मॅडम मजेत बाहेर आल्या, कँटीनचा एक लाडू माझ्या हातावर ठेवला आणि विचारलं, "काय शिकलीस?"

"गेटवर ऊन फार लागतं."

मॅडम पोट धरून हसल्या. मग गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "राखणदार चेहरा बघत नाही, दोरी बघतो. आपल्या पेशींच्या अंगावर अशी दोरी असते, म्हणून पूरक त्यांना सोडून देतं. हर्पिसच्या भावकीतले काही जण खोटी दोरी शिवून घेतात. काही जण आपल्या पेशीतून बाहेर पडताना तिचीच दोरी गळ्यात घालून निघतात. आणि आपला हा ओठावरचा, तो तर राखणदाराचा हातच धरून ठेवतो. या साहेब, बसा, चहा घ्या. त्याच्या अंगावर त्यासाठी एक खास प्रथिन आहे."

"आणि मी कोण यात?"

"तू आपलीच पेशी, पण दोरी हरवलेली. अशा पेशीला आपलेच राखणदार फोडतात. रक्ताचा तसा एक आजारच आहे. तुला नुसतं बाकावर बसवलं, नशीब समज."

लाडू खात खात मी जे शिकले ते एम.एस्सी.च्या दोन वर्षांत शिकले नव्हते. पण त्या गार्डसमोर मान खाली घालून बसले होते त्याचा राग माझा चाकणपासून चिखलीपर्यंत उतरला नाही, हेही सांगून टाकते.

तर मॅडमकडे दोन विषाणू होते. एक साधा, राखणदाराचा हात धरणारा. दुसरा त्याचाच भाऊ, पण ते प्रथिन काढून टाकलेला, म्हणजे हात तोडलेला. माणसाच्या ताज्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पिवळसर पाण्यात, दोघांना ठेवायचं. साधा जगला पाहिजे, थोटा मेला पाहिजे. जगात इतरांनी हे आधी पाहिलेलं होतं. पण साध्या विषाणूचा हात बांधून टाकणारं औषध शोधायचं हे मॅडमचं पुढचं स्वप्न होतं, आणि आमच्या लॅबमध्ये थोटा मरताना दिसल्याशिवाय त्यातलं पाऊल उचलता येत नव्हतं.

आता हे सीरम हवं अशा माणसाचं, ज्याला हा विषाणू आयुष्यात कधी शिवलेला नाही. नाहीतर त्याच्या अँटिबॉडी मधे लुडबुड करतात. मॅडमनी रीतसर परवानगी घेतली, संमतीपत्रं छापली आणि शोध सुरू केला. लॅबमधल्या सगळ्यांचं रक्त तपासलं, वॉचमनकाकांचं तपासलं, खालच्या प्रेसशॉपमधल्या माणसांचंही. प्रेसशॉपच्या मालकाला निकाल कळला तेव्हा तो तावातावानं वर आला.

"मॅडम, मी घरंदाज माणूस आहे! माझ्या रक्तात असलं काही निघेलच कसं?"

मॅडम जिन्यात उभ्या राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, घरंदाज आहात म्हणूनच निघालं. लहानपणी एखाद्या आत्यानं मुका घेतला असेल. ओठावर फोड आलेली आत्या, मामी, आजी, कुणीतरी. भरल्या घरातली पोरं असंच घेऊन मोठी होतात."

मालक विचारात पडला. मग हळूच म्हणाला, "आत्याच. तिला कायम यायचं तोंडावर." आणि खाली गेला.

तपासणीच्या प्लेटला छोटे खळगे असतात, त्यांना आम्ही घरं म्हणतो; ज्याच्या रक्तात विषाणूची खूण सापडते त्याचं घर पिवळं होतं. निकालाच्या दिवशी प्लेटमधली जवळजवळ सगळी घरं पिवळी झाली. माझं तर हळदीसारखं. मला चार आत्या, आणि चौघींनी मला पिंपरीच्या त्या दोन खोल्यांत खाली म्हणून ठेवलं नव्हतं. शेवटच्या ओळीत एकच घर पांढरं राहिलं. मॅडमनी यादीत पाहिलं. तो नमुना त्यांचा स्वतःचा होता.

"हं," म्हणाल्या. हात धुऊन जिन्यात गेल्या. मी मागे गेले. दाणे निवडत निवडत त्या म्हणाल्या, "आई गेली तेव्हा मी दीड वर्षाची होते. वडिलांची बदलीची नोकरी. चौथ्या वर्षापासून वसतिगृह. तिथे मुलांची पापी घ्यायची पद्धत नव्हती. पुढेही कुणाला सवड झाली नाही."

मग त्यांनी हात झटकले. "चला, डोनर सापडला. त्या नर्सबाईंना फोन लाव."

मग दर सोमवारी सकाळी नर्सबाई यायच्या आणि मॅडमच्या दंडाला पट्टा बांधायच्या. संमतीपत्रावर साक्षीदार म्हणून वॉचमनकाकांची सही. काका चिखलीच्या जुन्या घराण्यातले. तिसऱ्या सोमवारी त्यांना राहवेना.

"मॅडम, आवो आमी म्हशीचं दूध बी एवड्या नेमानं काढीत न्हाई. खाता का न्हाई काय नीट?"

"व्हय, खाते की," मॅडम त्यांच्याच बोलीत म्हणाल्या.

"शेंगदाण्यानं रगत व्हतंय व्हय?" असं म्हणून काका पुढच्या सोमवारपासून दोन उकडलेली अंडी आणू लागले.

नर्सबाई गेल्या की रक्त माझ्या ताब्यात. ते गोठवायचं, यंत्रात फिरवायचं, वरचं सीरम काढायचं, छोट्या नळ्यांत भरून खोल फ्रीजरमध्ये ठेवायचं. प्रयोगाच्या दिवशी त्यातली एक नळी ताजी म्हणून वापरायची आणि एक मुद्दाम तापवून, तुलनेसाठी. कारण तापवलं की पूरक मरतं. मग दोन्हींत विषाणू मिसळायचे आणि ते पेशींच्या थरावर सोडायचे. विषाणू जिवंत असेल तर थराला भोकं पडतात. तीन दिवसांनी थर जांभळा रंगवून भोकं मोजायची, अर्थात एक ते दीड.

पहिल्या आठवड्यात ताज्या सीरममध्ये थोटा विषाणू मेला नाही. मॅडम म्हणाल्या, हात बसायला वेळ लागतो. दुसऱ्या आठवड्यात मेला नाही. पाचव्यात नाही. आठव्यात मी सगळी रसायनं नवीन मागवली, तरी नाही. ताजी नळी आणि तापवलेली नळी, दोन्हींतला थोटा सारखाच धडधाकट.

आणि मॅडम बदलल्या. वहीत लाल पेन कमी झालं. "अहो" बंद झालं, आणि खरं सांगते, मला ते "अहो" हवंहवंसं वाटायला लागलं. बारा आठवडे झाले तेव्हा शेठचा निरोप आला. तीन आठवड्यांनी चाकणहून माणसं घेऊन येतो. काही निघालं असेल तर दाखवा, नाहीतर ते टेबल किटला द्या. टेबल गेलं की मॅडमही जाणार, हे मला ठाऊक होतं. किट बनवण्यासाठी त्या आल्याच नव्हत्या.

तेराव्या सोमवारी नर्सबाईंची रजा होती. त्या आल्या गुरुवारी, आणि तेच रक्त पुढच्या सोमवारचंही धरलं. आमच्या पट्ट्यात गुरुवार म्हणजे कारखान्यांची सुट्टी, आणि लाईटही दुरुस्तीसाठी गुल. खाली प्रेस बंद, वर जनरेटरवर फक्त फ्रीजर, हवेची यंत्रं आणि रक्त फिरवायचं मशीन. मी सीरम काढलं, नळ्या भरल्या, फ्रीजरमध्ये ठेवल्या, घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यातल्याच नळ्यांवर प्रयोग लावला आणि सोमवारी एक वाजता, मॅडम बँकेत गेल्या होत्या म्हणून, मी एकटीच मोजायला बसले.

साधा विषाणू ताज्या नळीत, भोकंच भोकं. थोटा विषाणू तापवलेल्या नळीत, भोकंच भोकं. थोटा विषाणू ताज्या नळीत, आणि पेशींचा थर सपाट, जांभळा, अखंड. एका कोपऱ्यात दोन भोकं, बस्स. मी प्लेट उलटी करून पाहिली, नाव वाचून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मेला होता. बाई गं, मेला होता!

मी स्टुलावरून उठून नाचायलाच निघाले होते. मग डोक्यात आलं, गुरुवारी वेगळं काय झालं? लाईट नव्हती. लाईट नव्हती म्हणून काय झालं नाही?

मी परत स्टुलावर बसले.

माझी आधीची नोकरी पेशी वाढवण्याच्या कंपनीतली. तिथे सीरम हातात आलं की पहिलं काम, छप्पन्न अंशांच्या पाण्यात अर्धा तास. आम्ही त्याला अंघोळच म्हणायचो. पेशींना त्रास होऊ नये म्हणून सीरममधलं पूरक त्या अंघोळीत मारून टाकायचं. हे मला पाठ होतं, परीक्षेत मी त्याच्यावर मार्क मिळवले होते. पण दोन वर्षांत ते काम डोक्यातून हातात उतरलं होतं. मॅडमचं रक्त आलं की माझे हात नळी उचलून गरम पाण्यात ठेवायचे, अर्ध्या तासानं काढायचे, मग भरायचे. बारा आठवडे. वहीत एकदाही लिहिलं नाही, कारण ते लिहिण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. मी ज्याला ताजं म्हणत होते ते आधीच शिजलेलं होतं. त्यातलंच थोडं पुन्हा शिजवायचे आणि दोन्हींत फरक का नाही म्हणून कपाळाला हात लावायचे. गुरुवारी लाईट नव्हती म्हणून अंघोळ राहिली, एवढंच.

मॅडम बँकेतून आल्या. मी प्लेट लपवली. होय, लपवली. त्या दिवशी मी मॅडमच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. गप्प बसलं की झालं. नवीन नळ्या, नवीन निकाल, शेठ खूश, माझी नोकरी शाबूत. संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती, तिला मी सगळं सांगितलं. तिला पूरक-बिरक काही कळलं नाही. तिनं एकच विचारलं.

"त्या बाईंचं रक्त वाया गेलं ना गं?"

"गेलं."

"मग तिला नको का कळायला, कुठं गेलं ते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम जिन्यात दाणे खात बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढे उभी राहिले आणि एका दमात बोलून टाकलं. अंघोळ, बारा आठवडे, गुरुवार, लपवलेली प्लेट. बोलताना मी त्यांच्या चपलांकडे बघत होते. खाली प्रेस धडाधड आदळत होते. मी "अहो"ची वाट बघत होते.

मॅडमनी डावी बाही वर केली आणि गुरुवारचा सोडून कोपराच्या आतले सुईचे डाग मोजले. "बारा," म्हणाल्या. "आणि तू त्यांना अंघोळी घातल्यास."

"चुकलं मॅडम. मी आजच राजीनामा..."

"थांब जरा." त्यांनी खिशातून एक घडी घातलेली चिठ्ठी काढली. हॉस्पिटलची होती, येत्या बुधवारची वेळ. "काहींच्या रक्तात जन्मतःच पूरक कमी असतं. तीन महिने मला वाटत होतं, माझंच रक्त तसलं. घर असं, आणि आता रक्तही असं. दोनदा वेळ घेतली आणि दोनदा गेले नाही. भ्याले मी."

मॅडम भ्याल्या! मला रडू फुटलं, चांगलं हुंदके देऊन. माझ्या अंघोळीपायी ही बाई तीन महिने स्वतःला आजारी समजत होती आणि काकांची अंडी मुकाट खात होती.

"रडू नकोस, नळ्या किती उरल्यात ते सांग," मॅडम म्हणाल्या. चिठ्ठी उलटी करून त्यांनी पाठीमागे पुढचा प्रयोग लिहायला घेतला. "गुरुवारचं सीरम घे. अर्धं अंघोळ घालून, अर्धं बिनअंघोळीचं. तीनदा लाव. आणि अहो..." इथे त्यांचा आवाज चढला, आणि देवाशपथ सांगते, मला बरं वाटलं. "अहो, ते बारा आठवडे लाल शाईनं वहीत लिहा. एकेक तारीख घालून. आणि शेठ येतील तेव्हा हे तुम्ही सांगायचं, मी नाही."

शेठ आले, सोबत चाकणचे दोन इंजिनिअर. मी प्लेटा दाखवल्या. तिन्ही वेळा तेच, बिनअंघोळीच्या नळीत थोटा साफ. मग लाल पानं उघडली आणि माझी चूक वाचून दाखवली. एक इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं की. रिझल्ट तर आला."

"तिची अंघोळ उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात असेल," मॅडम म्हणाल्या. "त्याला कोण सांगणार?"

दुसरा इंजिनिअर हसला. "आमच्याकडे तर रोजचंय हे. जुन्या मशीनची सवय नव्या मशीनवर. रिजेक्शनचा ढीग लागतो."

शेठ बराच वेळ प्लेट उजेडात धरून बघत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे गुरुवारची सुट्टी नसती, तर मी हे टेबल उचललं असतं?"

"उचललं असतंत," मॅडम म्हणाल्या.

टेबल राहिलं. आणखी तीन वर्षं मॅडमनी त्याच्यावर काम केलं. हात बांधणारं औषध काही झालं नाही अजून, पण त्या वाटेवर दोन पावलं पडली. मग गुडघे जिना चढेनात म्हणून त्यांनी काम सोडलं. आता ते टेबल माझं आहे, आणि लाल पेनही.

मॅडम चिंचवडला एकट्याच राहतात. अधूनमधून रविवारी आमच्याकडे पिंपरीला येतात. आई त्यांना जेवायला वाढते आणि "अजून एक घ्या" म्हणून छळते. गेल्या महिन्यात आल्या तेव्हा माझी तीन वर्षांची लेक नुकतीच तापातून उठली होती, ओठावर फोड. तिला ते माझ्याकडून आलं, मला आत्यांकडून. मी दारातच ओरडले, "मॅडम, लांब बसा, हिच्या ओठावर आलंय!"

"आलंय? बघू," म्हणून मॅडमनी चष्मा लावला आणि फोड निरखायला तिच्यासमोर वाकल्या. पोरीला वाटलं, आजी तोंड पुढे करतेय. तिनं दोन्ही हातांनी मॅडमचं तोंड धरलं आणि पापी घेतली. मी धावले तोवर अजून एक.

"मॅडम, तोंड धुवा! साबणानं धुवा!"

"धुते गं," म्हणाल्या. पण उठल्या नाहीत. चष्मा तसाच, हात मांडीवर, पोरीकडे बघत बसल्या. मग आईकडे चहा मागितला.

तीन आठवड्यांनी फोन आला. "अहो," मॅडम म्हणाल्या, आणि मी उठून उभी राहिले. "अहो, तुमच्या लेकीनं माझं वाटोळं केलं. ताप आला, ओठ सुजला, फोड आले. तपासून घेतलं. पिवळं!"

"मॅडम, माझं चुकलं, मी तिला धरायला हवं होतं. फार त्रास होतोय का? मी येऊ का?"

"होतोय. जेवता येत नाही." पण आवाज कसला खणखणीत! "आता माझं रक्त तुझ्या टेबलाच्या कामाचं नाही, दुसरा डोनर शोध. आणि मला सांग, हा तुझ्या आत्याचाच ना?"

"हो, तिथूनच आला असणार."

"म्हणजे तुमच्या घरातला," मॅडम म्हणाल्या. "आता हा जायचा नाही. पासष्टाव्या वर्षी आला, पण आला. वहीत लिहून ठेव."

"मॅडम, हे कसलं वहीत..."

"लिही म्हणते ना. आणि नेहमीप्रमाणे म्हणून लिहिशील तर याद राख."

मी वही काढली. तारीख घातली आणि खाली लिहिलं: रविवार, दुपारी साडेबारा. पिंपरी, बाहेरची खोली. लेकीनं मॅडमचं तोंड दोन्ही हातांनी धरलं. पापी घेतली. एक ओठावर, एक ओठाच्या डाव्या कडेला. मॅडमनी तोंड धुतलं नाही.